गायनातील डॉक्टरेट आणि दूरची तालीम

१९२९ साली कलकत्त्याच्या नभोवाणी केंद्रावरून पंकजकुमार मल्लिक यांनी 'संगीत शिक्षार आसर' हा कार्यक्रम सुरू केला. शिक्षक ध्वनिक्षेपकापुढे एकटा बसलेला असे आणि विद्यार्थी बंगालभर आपापल्या घरी वही-पेन्सिल घेऊन रेडिओभोवती जमलेले असत. प्रथम गीताचे शब्द सावकाश सांगितले जात, ते उतरवून घेण्यास पुरेसा अवधी दिला जाई आणि मग एकेक ओळ गाऊन शिकविली जाई. हा वर्ग १९७५ पर्यंत चालू होता. ज्या घरांत गायनाचा शिक्षक पाऊल टाकणे शक्य नव्हते, अशा असंख्य घरांत त्यामुळे गाणे पोचले. मात्र या प्रदीर्घ काळात शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याचा आवाज कधीही ऐकू आला नाही. एखादी ओळ चुकीची उचलली गेली, तर ती चूक त्या घरातच राहिली आणि पुष्कळदा जन्मभर राहिली.

गायनाची सर्वोच्च पदवी दूर राहून मिळविता येईल काय, या प्रश्नाचा विचार करताना हा जुना वर्ग डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे आहे. प्रश्न केवळ हौशीचा नाही. समजा, बस्तरमधील एका गावी शाळेत संगीत शिकविणारी एक शिक्षिका आहे. तिने विशारद केले आहे, पुढे खासगीरीत्या परीक्षा देऊन एम.ए. केले आहे, रोज पहाटे तास-दीड तास रियाझ ती करते. घर, नोकरी आणि वृद्ध सासू यांना सोडून तीन वर्षे विद्यापीठाच्या गावी जाऊन राहणे तिला शक्य नाही. महाविद्यालयात अध्यापक व्हावयाचे तर डॉक्टरेट हवी, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आपल्याला जे गाणे थोडेसे उमगले आहे ते मुळापर्यंत जाऊन पाहावे अशी तिची इच्छा आहे. अशा स्त्रिया आणि पुरुष भारताच्या प्रत्येक राज्यात आहेत. त्यांतील काहींनी जाहिरातींना भुलून पैसा व वर्षे घालविली आहेत आणि हाती आलेला कागद कोणत्याही निवड समितीपुढे टिकलेला नाही. म्हणून या मार्गावर दूर राहून काय करता येते आणि काय करता येत नाही, हे स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे.

दूर राहून गाणे शिकण्याचे पहिले यांत्रिक साधन म्हणजे ध्वनिमुद्रिका. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची जागा होती. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवावा लागला. ही तबकडी गावोगाव गेली आणि तिने जे काम केले ते एखाद्या विद्यालयानेही केले नसते. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून गदगच्या भीमसेन जोशी यांनी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, हे तर लहानपणी थोरामोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवीत आणि त्या अचाट अनुकरणामुळेच त्यांचे नाव झाले.

या दोन्ही हकीकती ध्वनिमुद्रिकेच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून सांगितल्या जातात; त्यांचा उत्तरार्ध मात्र सांगावयाचा राहून जातो. भीमसेन ग्वाल्हेर, जालंदर असे हिंडून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहिले. कुमारांना मुंबईत बा. र. देवधर यांच्याकडे ठेवण्यात आले, आणि जो मुलगा दुसऱ्यांचे गाणे हुबेहूब गात होता त्याला स्वतः गाता यावे म्हणून तेथे मुळापासून शिकावे लागले. ध्वनिमुद्रिकेने दोघांनाही दार दाखविले, पण आत नेले ते माणसांनी. तबकडीवर तयार झालेले गाणे असते. ते कसे तयार झाले, कोणती तान शंभर वेळा फसली आणि एकशे एकाव्या वेळी साधली, हे त्यावर नसते.

या संदर्भात एकलव्याचा दाखला हमखास दिला जातो. तो दाखला फसवा आहे. बाण लक्ष्याला लागला की नाही हे धनुर्धराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. चूक सांगण्यास त्याला द्रोणाची गरज पडत नाही. गाणाऱ्याची स्थिती निराळी आहे. त्याला आपला आवाज बाहेरून कानांत येतो तसाच हाडांतून, कवटीतूनही ऐकू येतो. दुसऱ्याला जे ऐकू जाते ते त्याला कधीच तसे ऐकू येत नाही. स्वतःचा मुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक माणूस दचकतो, ते याचमुळे. निषाद किंचित उतरला आहे हे गाणाऱ्याला कळण्याआधी समोर बसलेल्याला कळते. तालमीचे अर्धे कारण एवढेच आहे.

दुसरे साधन स्वरलिपी. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांत दडलेल्या चिजा मिळवून त्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत लिपिबद्ध केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर वा खाली बिंदू, मींडेसाठी कमान अशी त्यांची सुटसुटीत लिपी आहे. तिच्यामुळे लखनौचा विद्यार्थी आणि बडोद्याचा विद्यार्थी एकच बंदिश एकाच रूपात वाचू लागला. दरबारी कानड्याची चीज या लिपीत पाहावी. गांधाराखाली एक रेघ दिसते, म्हणजे तो कोमल आहे एवढे कळते. तो गांधार नेहमीच्या कोमल गांधारापेक्षा उतरता आहे, तो स्थिर न राहता संथपणे झुलतो, आणि त्या झुलण्यातच दरबारीचे गांभीर्य आहे, हे त्या रेघेत मावत नाही. ही उणीव भातखंड्यांना ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे. ग्रंथ लिहितानाही त्यांनी समोर शिष्य बसविला, ही गोष्ट बोलकी आहे.

दक्षिणेत मद्रास विद्यापीठाच्या संगीत विभागात पी. सांबमूर्ती यांनी कर्नाटक संगीताला क्रमबद्ध पाठ्यपुस्तके दिली. तेथेही गमकाची अडचण हीच होती. कागदावर दिसणारा एक स्वर प्रत्यक्ष गाताना शेजारच्या स्वरांना स्पर्श करीत हेलकावतो, आणि तो हेलकावा कोठवर न्यावयाचा हे गुरूच्या कंठातूनच कळते.

मग या देशात संगीतशिक्षण दूरवर पसरले कसे? याचे उत्तर भारतीय संगीताच्या आधुनिक इतिहासातील एका मोठ्या कर्तृत्वाकडे नेते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत कार्य सुरू केले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. अलाहाबादेत १९२६ पासून प्रयाग संगीत समिती काम करीत होती. या संस्थांनी प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची पायरी बांधली आणि गावोगावी केंद्रे उघडली. विद्यार्थ्याने आपल्या गावी, आपल्याला मिळेल त्या गुरूकडे शिकावे. वर्षातून ठरल्या दिवशी बाहेरगावचा परीक्षक तेथे येईल, समोर बसवून गाणे ऐकेल आणि गुण देईल, अशी ही व्यवस्था आहे.

पत्रद्वारा शिक्षणाच्या नेहमीच्या पद्धतीहून ही व्यवस्था मुळातच वेगळी आहे, आणि तिचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. पत्रद्वारा शिक्षणात संस्था पाठ दूरवर पाठविते. येथे संस्थेने पाठ पाठविलाच नाही. शिकविणे जागच्या जागी, समोरासमोर राहू दिले आणि प्रवास करावयाचा तो परीक्षकाने. तालीम दूर नेता येत नाही, कसोटी मात्र नेता येते, हा भेद त्या पिढीने कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या आधाराशिवाय ओळखला होता. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना गाणे शिकण्याची मोकळीक मिळाली त्यात या परीक्षांचा वाटा फार मोठा आहे. प्रमाणपत्रामुळे गाण्याला घरात प्रतिष्ठा आली. दोषही त्याच व्यवस्थेतून आले. नेमलेले राग, नेमलेली आलाप-ताने, नेमलेली मिनिटे यांत बसेल तेवढेच गाणे पुष्कळ ठिकाणी शिकविले गेले आणि यमन परीक्षेपुरता उरला.

डॉक्टरेट ही या शिडीची शेवटची पायरी आहे असे वरवर दिसते; वस्तुतः तेथे शिडीच बदलते. विशारद वा अलंकार परीक्षेत विद्यार्थ्याला जे येते ते दाखवावयाचे असते. डॉक्टरेटसाठी आजवर कोणी मांडले नाही असे काही मांडावयाचे असते. हे नवे काय असावे, गाणे की गाण्याविषयीचे लिखाण, याबाबत जगात दोन परंपरा आहेत. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलसारख्या संस्थांनी 'डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स' ही प्रयोगनिष्ठ पदवी सुरू केली. गायनात ही पदवी घेणाऱ्याला एकामागून एक पूर्ण मैफली सादर कराव्या लागतात, इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषांतील उच्चार सिद्ध करावे लागतात आणि एक व्याख्यान-मैफल द्यावी लागते; लेखी प्रबंध त्यामानाने आटोपशीर असतो. भारतात बहुतेक विद्यापीठांत गायनाची डॉक्टरेट म्हणजे पीएच.डी.च होय आणि तिचा निवाडा मुख्यतः प्रबंधावर होतो. परिणामी, प्रबंध उत्तम आणि गाणे बेताचे, किंवा गाणे अव्वल आणि प्रबंध दुसऱ्याकडून नीटनेटका करून घेतलेला, असे दोन्ही प्रकार घडले आहेत. संगीताच्या क्षेत्रात 'डॉक्टर' या उपाधीकडे काहीशा मिस्किलपणे पाहिले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

तथापि, या दोन टोकांना जोडणारे काम झालेले आहे. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी विज्ञान आणि कायदा या विषयांच्या पदव्या घेतल्या होत्या. गाणे त्या किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे, म्हणजे जुन्या रीतीने समोर बसून, शिकल्या होत्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'संगीत प्रवीण' ही डॉक्टरेटच्या तोडीची पदवी त्यांनी मिळविली ती सरगमवर प्रबंध लिहून. ख्यालात स्वरनामे उच्चारून गाणे म्हणजे अभ्यासातली गोष्ट मैफलीत आणणे होय, असा आक्षेप जाणकारांकडून घेतला जात असे. अत्रे स्वतः सरगम गात होत्या आणि अमीर खाँ यांच्या सरगमचा प्रभाव त्यांनी मान्य केला होता. म्हणजे प्रश्न त्यांच्या गाण्यातून निघाला, प्रबंधात त्याची छाननी झाली आणि उत्तर पुन्हा त्यांच्या गाण्यात ऐकू आले. गायनातील डॉक्टरेटचा विषय कसा निवडावा, हे या एका उदाहरणावरून जितके कळते तितके पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांवरून कळत नाही.

बस्तरच्या त्या शिक्षिकेने हे उदाहरण लक्षात घेतले, तर तिच्या कामाचा मोठा भाग घरी बसून होण्यासारखा आहे असे तिला दिसून येईल. समजा, तिने एकाच रागाच्या चार घराण्यांतील मांडणीचा विषय घेतला. जुन्या ध्वनिमुद्रिका आज संगणकावर ऐकता येतात. दिल्लीची संगीत नाटक अकादमी आणि गुरुग्राम येथील वंशसंगीतशास्त्राचे अभिलेखागार यांच्या संग्रहांचा शोध पत्राने आणि संगणकावरून सुरू करता येतो, मग एक-दोन फेऱ्यांत ऐकण्याचे काम उरकता येते. आलापातील एखादा स्वर नेमका कोठे लागला आहे, दरबारीचा गांधार सेकंदाला किती वेळा झुलतो, हे मोजण्यासाठी ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेली 'प्रात' नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. ती मूळची भाषेच्या ध्वनींच्या अभ्यासासाठी आहे, पण कंठाला भाषा आणि गाणे हा भेद ठाऊक नसतो. स्वरलिपी करणे, ग्रंथांचे वाचन, प्रकरणांचे लेखन, मार्गदर्शकाशी त्यावर चर्चा हे सारे दूर राहून होते. पदार्थविज्ञानाच्या संशोधकाला प्रयोगशाळा सोडून जितके दूर राहता येणार नाही, तितके संगीताच्या संशोधकाला राहता येते.

येथे कायद्याचा भाग थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण फसगत होते ती येथेच. भारतात पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला; १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांमुळे घरोघरी गेले. पीएच.डी.च्या बाबतीत मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत दूरशिक्षणाचा मार्ग बंद केला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनेही दूरशिक्षण वा ऑनलाइन पद्धतीची पीएच.डी. अमान्य ठरविली. परदेशी संस्थांच्या सहकार्याने ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींविषयी आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वतंत्र इशाराही दिला. मात्र त्याच नियमावलीने अंशकालीन पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिलेली आहे. नोकरी करणाऱ्या उमेदवाराने आपल्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणावे, किमान बारा श्रेयांकांचा पूर्व-अभ्यासक्रम पुरा करावा आणि साधारणतः तीन ते सहा वर्षांत प्रबंध द्यावा, अशी ही वाट आहे. नाव 'अंशकालीन' असले तरी व्यवहारात घरी राहून केलेला बहुतांश अभ्यास तिच्यात सामावतो. त्या शिक्षिकेला हवे होते ते हेच. फक्त जाहिरातीत ते तिला दुसऱ्या नावाने विकले जात होते.

अमेरिकेतही चित्र फारसे वेगळे नाही. बॉस्टन विद्यापीठाने २००५ मध्ये संगणकाद्वारे 'डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स' देण्यास सुरुवात केली, परंतु ती पदवी संगीतशिक्षण या विषयातील आहे, गायनातील नाही. हा फरक किरकोळ वाटेल, पण तोच महत्त्वाचा आहे.

आता कंठाकडे वळू. प्रबंधाचे वर सांगितलेले सर्व काम सुरू असताना संशोधकाचे गाणे थांबून चालत नाही. उलट त्याची तालीम अधिक कसून व्हावी लागते. आणि तालीम दूर नेण्याचा प्रयत्न आजवर कधी नव्हता एवढा आपल्या काळात झाला आहे. परदेशस्थ भारतीयांच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून गाणे शिकविण्याची प्रथा या शतकाच्या पहिल्या दशकातच रुळली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा देशातील बहुतेक सर्व गुरूंना तोच मार्ग धरावा लागला. पंकजकुमार मल्लिक यांची अडचण येथे दूर झाली होती. शिष्याचा आवाज गुरूला ऐकू येत होता, चेहराही दिसत होता. तरीही काही आठवड्यांतच दोन्ही बाजूंना जाणवू लागले की काहीतरी निसटते आहे.

काय निसटते ते मोजता येण्याजोगे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गुरू-शिष्य दोन मीटर अंतरावर बसले असतील, तर एकाचा स्वर दुसऱ्याला सहा सहस्रांश सेकंदांत पोचतो. कानाला तो उशीर जाणवत नाही. हाच स्वर काचतंतूमधून प्रकाशाच्या रूपाने पुण्याहून न्यूयॉर्कला जाऊ लागला, तर केवळ अंतरामुळे एका बाजूस साठेक सहस्रांश सेकंद लागतात, आणि वाटेतील यंत्रांची देवघेव धरून नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर दीडशेच्या घरात सहज जातो. मध्य लयीच्या त्रितालात मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. गुरूने सम घेतली, ती शिष्याला दीडशे सहस्रांश सेकंद उशिरा कळली, त्याने तिच्यावर बरोबर सूर ठेवला आणि तो पुन्हा तेवढ्याच उशिराने परत आला, म्हणजे गुरूच्या कानी शिष्य अर्ध्याहून अधिक मात्रेने मागे पडलेला असतो. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा असताना, तो एका पूर्ण मात्रेहूनही अधिक मागे पडतो. शिष्याची काहीच चूक नसते. वादक-गायकांना एकत्र ठेवावयाचे तर उशीर पंचवीस-तीस सहस्रांशांच्या आत असावा लागतो. इटलीत त्रिएस्तेच्या तार्तीनी संगीत विद्यालयाने विकसित केलेली 'लोला', स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'जॅकट्रिप' अशा प्रणाली या मर्यादेत काम करतात. पण त्यांना उत्तम दर्जाचे जाळे आणि आटोक्यातले अंतर लागते, आणि बस्तरच्या गावात दोन्हींचा अभाव असतो.

परिणाम असा की दूरच्या तालमीत गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. गुरू गातो, थांबतो. शिष्य गातो, थांबतो. समोरासमोरच्या तालमीत असे क्वचितच असते. तेथे शिष्य गुरूच्या सुरात सूर मिसळून गातो, त्याच्या आधाराने वरच्या षड्जापर्यंत जातो, गुरू हळूच गाणे सोडून देतो आणि शिष्याला नकळत एकट्याने तो स्वर धरावा लागतो. लहान मुलाला सायकल शिकविताना मागचा हात काढून घ्यावा, तसे हे आहे. व्हिडिओ कॉलमध्ये धरायला हातच नसतो.

दुसरी अडचण तंबोऱ्याची. ती काहीशी विनोदी आहे. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून या यंत्रणा पंखा, वाहने, वातानुकूलन अशा सतत चालणाऱ्या एकसुरी आवाजांना ओळखून कापून टाकतात. तंबोरा हा सतत चालणारा एकसुरी आवाजच असल्यामुळे यंत्राच्या लेखी तो आणि पंखा यांत फरक नसतो. शिष्य तंबोऱ्यावर बिनचूक गात असतो आणि गुरूला तंबोरा ऐकूच येत नाही. आवाज कधी येतो, कधी बुडतो. यंत्रातील ही सोय बंद करता येते, मात्र ती बंद करावी लागते हेच अनेकांना वर्षभर कळलेले नव्हते. शिवाय आवाजाचा लहान-मोठेपणा यंत्र सारखा करून टाकते. ज्या गायकीचे सौंदर्यच स्वर हलका सोडण्यात आहे तिच्या दृष्टीने हे नुकसान अक्षम्य आहे.

तिसरी गोष्ट आरोग्याची. तार सप्तकात जाताना खांदे उचलले जातात काय, जबडा आवळतो काय, मानेच्या शिरा ताणतात काय, श्वास पोटातून येतो की छातीच्या वरच्या भागातून, हे जाणता गुरू बाजूने, पाठीमागून, कधी पाठीवर हात ठेवून पाहतो. फोनच्या पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. आवाजसाधनेचा शास्त्रीय विचार आपल्याकडे बा. र. देवधर आणि अशोक रानडे यांनी निष्ठेने मांडला, आणि त्याचे सार असे की चुकीच्या रीतीने केलेला रियाझ हा न केलेल्या रियाझापेक्षा वाईट. स्वरतंतूंवर गाठी आल्या की महिनोन्‌महिने मौन पाळावे लागते. प्रबंध वेळेत पुरा व्हावा म्हणून रात्री लेखन आणि पहाटे अपुऱ्या झोपेने रियाझ करणाऱ्या संशोधकाला हा धोका अधिक असतो.

म्हणून दूरच्या संशोधकासाठी अनुभवी मार्गदर्शक जी आखणी करतात ती साधारणतः मिश्र स्वरूपाची असते. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या गुरूच्या गावी, समोर बसून तालमीसाठी. मधल्या काळात दर आठवड्याला एकसंध, न कापलेले ध्वनिमुद्रण गुरूकडे जाते. ते कॉलवर गायलेले नसून तंबोऱ्यासह शांत खोलीत केलेले असते, आणि गुरू त्यावर आपल्या सवडीने, ठिकठिकाणी थांबून बोललेले मुद्रण परत पाठवितो. ही रीत संथ वाटते, पण पुष्कळ शिष्यांचा अनुभव असा की व्हिडिओ कॉलपेक्षा तिचाच लाभ अधिक होतो, कारण उशिराचा प्रश्नच उरत नाही आणि स्वतःचे गाणे स्वतःला पुनःपुन्हा ऐकावे लागते. याशिवाय गावात कानाचा पक्का असा एक माणूस, मग तो तबलजी असो वा कीर्तनकार, दर पंधरवड्याला समोर बसवून गावे. विद्यापीठाला हा माणूस माहीत नसतो. परंतु अनेक प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्याचे नाव सापडते.

कसोटी दूर नेण्याची परंपरा आकाशवाणीनेही चालविली आहे. १९५२ नंतर ब. वि. केसकर यांच्या काळात तिने गायक-वादकांची श्रवणचाचणी पद्धतशीर केली. गाणे मुद्रित होते आणि परीक्षक गायकाचे नाव न कळता केवळ आवाज ऐकून श्रेणी ठरवितात. या श्रेणीचे मोल विद्यापीठांनीही मानले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार, नामवंत गुरूकडे शिकलेल्या, संबंधित विषयाची पदवी असलेल्या आणि विषय समजावून सांगण्याची पात्रता असलेल्या आकाशवाणी वा दूरदर्शनच्या 'ए' श्रेणीच्या कलावंताला डॉक्टरेटशिवायही संगीताचा साहाय्यक प्राध्यापक होता येते. ज्यांना संशोधनाची खरी ओढ नाही आणि केवळ अध्यापकपदासाठी पीएच.डी. हवी आहे, त्यांनी हा दुसरा दरवाजा आधी ठोठावून पाहणे शहाणपणाचे ठरेल. तो उघडणे सोपे मात्र नाही.

राहिला शेवटचा दिवस. २०२० मध्ये आयोगाने मौखिक परीक्षा व्हिडिओद्वारे घेण्यास अनुमती दिली, आणि प्रबंधावरील प्रश्नोत्तरे त्या पद्धतीने सुरळीत पार पडली. ज्या विषयात गाऊन दाखविणे आवश्यक होते तेथे मात्र गाणे आधी मुद्रित करून पाठवावे लागले. तबलजी समोर असल्याखेरीज लय राखता येत नाही आणि परीक्षकाने मध्येच सुचविलेला बदल मुद्रणात करता येत नाही. आज सभागृहे पुन्हा उघडली आहेत. उमेदवार तंबोरा घेऊन बसते, आणि एखादा जुन्या पठडीतला परीक्षक प्रबंधाला हात न लावता प्रथम म्हणतो, "तंबोरा लावा."

येथे बरेच जण अडखळतात. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विद्युत् तंबोरा तयार केला. तो रियाझाला सोयीचा म्हणून घरोघरी गेला, आणि आता तर फोनमध्येच तंबोरा असतो. सुरात लागलेलाच मिळत असल्यामुळे तो लावण्याचा प्रसंग येत नाही. मिरजेच्या कारागिराने बनविलेला लाकडी तंबोरा लावावयाचा तर आधी खुंट्या पिळून तारा षड्ज-पंचमाला आणावयाच्या, मग मणी वर-खाली सरकवून सूक्ष्म फरक काढावयाचा, आणि शेवटी घोडीवरच्या तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे करीत जवारी उघडावयाची. दोरा योग्य जागी येताच खर्जाच्या तारेतून गांधार स्वतःच ऐकू येऊ लागतो. ती जागा कोठे असते हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेले नाही. त्या शिक्षिकेला ती मे महिन्याच्या सुट्टीत गुरूच्या घरी, त्यांच्या बोटांकडे पाहत, तिसऱ्या वर्षी सापडली.